मागून येणारा तो ‘टक्क’: पॉलियुरेथेन बुश बसवल्यावर शेव्हेलचा आवाज पुन्हा पुन्हा का येतो

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याची गाडी असंच करतेय तो पुढे वाचेल आणि बाकीचे आपापल्या कामाला लागतील. घरासमोरच्या उतारावरून गाडी तिरकी रस्त्यावर उतरली की मागून ‘टक्क’. एकदाच, पण इतका कोरडा की पोटात गोळा यावा. पाऊस पडून गेला की जोडीला जुन्या झोपाळ्याच्या कड्यांसारखी कुरकुर. ग्रीस मारलं की दोन महिने शांतता, मग पहिले पाढे पंचावन्न. तिसरं लक्षण माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. हायवेच्या गोल रॅम्पवर, रस्ता ओला असताना, गाडी छान चिकटून चालायची आणि मग काही न सांगता शेपूट सोडून द्यायची.

गाडी १९७० ची, शेव्हरले कंपनीची शेव्हेल मॅलिबू, दोन दारांची, ३५० क्युबिक इंचांचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. एसएसचा, म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’ या जोरदार आवृत्तीचा, बिल्ला नाही, आणि विकत आणून लावलेलाही नाही. (त्या वर्षी ज्या एसएसवर ‘३९६’ लिहिलेलं असायचं तिचं इंजिन प्रत्यक्षात ४०२ क्युबिक इंचांचं होतं, तेव्हा बिल्ल्यांवर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.) मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. एप्रिल ते ऑक्टोबर ही गाडी वापरातली आहे: ऑफिस, किराणा, मुलाला पोहायला सोडणं आणि उन्हाळ्यात संध्याकाळी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर एक रमतगमत फेरी. ट्रॅकवर ती एकदाही गेलेली नाही. हे शेवटचं वाक्य सस्पेन्शनचं किट मागवताना मीच विसरलो होतो, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

काय बसवलं होतं

तीन वर्षांपूर्वी मागच्या आर्मचे (मागच्या चाकांचा आडवा अ‍ॅक्सल गाडीच्या फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यांचे) मूळचे रबरी बुश, म्हणजे टोकांना बसणारी नळकांडी, हातात भुगा होऊन आले. पन्नाशी उलटलेलं रबर, त्याला काय बोलणार. नुसते बुश बदलायचे सोडून मी अख्खं किट मागवलं. खालचे दोन आर्म बंद चौकोनी नळीचे, वरचे दोन लांबी कमीजास्त करता येणारे, आठही टोकांना लाल पॉलियुरेथेनचे बुश, एक इंच जाडीचा मागचा स्टॅबिलायझर बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा), गाडी दोन इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. पुढच्या आर्मनाही पॉलियुरेथेन. सगळं एका खोक्यात. लालभडक, पावडर कोट केलेलं, दिवाळीच्या फराळाच्या डब्यासारखं.

पहिल्या फेरीत मी खूश होतो, हे कबूल करायलाच हवं. सिग्नलवरून जोरात निघताना मागची चाकं आधी थयथय नाचायची, ते बंद झालं. स्टिअरिंग वळवलं की गाडी आधी विचार करायची आणि मग वळायची, तेही गेलं. सरळ रस्त्यावर, पूर्ण दाबून, या किटला नाव ठेवायला जागा नाही. ड्रॅग रेसवाले हेच का वापरतात ते कळतं.

मग तो ‘टक्क’ सुरू झाला.

मी केलेल्या चुका, क्रमाने

आधी सगळे बोल्ट पुन्हा आवळले. आवाज गेला. सहा आठवड्यांनी परत आला. मग ग्रीस. मग वाटलं शॉकअप गेले असतील, तर चांगले गॅसवाले नवे घेतले. आवाजाला ढिम्म फरक नाही, गाडी मात्र आणखी कडक झाली. मग जवळच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी लिफ्टवर घेतली, पहारीने चारही आर्म हलवून पाहिले, काही ढिलं नाही म्हणाले आणि डिफरन्शिअलवर (मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरांच्या गोळ्यावर) संशय घेतला. डिफरन्शिअल उघडलं, बघितलं, बंद केलं. पैसे दिले. त्यांचंही फार चुकलं असं नाही. लिफ्टवर लोंबकळणाऱ्या अ‍ॅक्सलवर हा आवाज निघणारच नव्हता.

कोंडी फोडली ती कोल्हापुरात बसलेल्या आमच्या अण्णांनी, फोनवर. अण्णांनी तीस वर्षं गॅरेज चालवलं, बहुतेक जीपा आणि टेम्पो. शेव्हेल त्यांनी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं:

“स्पीडब्रेकरवर वाजतंय का रे?”

“नाही अण्णा. फक्त उतारावर.”

“म्हंजे दोन्ही चाकं एकदम उचलली की गप्प, अन् एकच उचललं की वाजतंय. मग तुझं कायतरी ढिलं न्हाई, कायतरी आवळलंय. आम्ही जीपच्या पाट्यांना रबर काढून नायलॉनचे बुश घातले की हेच व्हायचं. सोड तो ग्रीसचा डबा.”

मी इतके दिवस ढिल्या भागाच्या मागे होतो.

आवळलेलं म्हणजे काय

इथे जरा सावकाश जाऊ, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

शेव्हेलचा मागचा अ‍ॅक्सल चार आर्मवर लटकतो. खालचे दोन जवळजवळ सरळ पुढे फ्रेमला जातात. वरचे दोन तिरके: डिफरन्शिअलच्या डोक्यावर एकमेकांजवळ आणि फ्रेमकडे जाताना फाकलेले, इंग्रजी ‘व्ही’सारखे. त्या तिरकेपणामुळेच अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकत नाही. वेगळा आडवा दांडा लागत नाही. १९६४ ते १९७२ या काळातल्या जनरल मोटर्सच्या या मापाच्या सगळ्या भावंडांत हीच मांडणी आहे: पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, ओल्ड्समोबिल ४४२, ब्युइक जीएस. १९७९ ते २००४ च्या बहुतेक मस्टँगमध्येही तत्त्व तेच. पहिल्या कॅमॅरोला मागे पाटे आहेत, तिचं दुखणं निराळं. कॅमॅरोवाल्यांनी माझा इलाज तिथे लावू नये.

दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर आर्म फक्त बोल्टभोवती फिरतात, दाराच्या बिजागरीसारखे. एकच चाक वर गेलं की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि प्रत्येक आर्मला पीळ बसतो. शिवाय आर्मचं टोक बोल्टच्या अक्षातून बाहेर, थोडं बाजूलाही कलू पाहतं. बिजागरीला ही हालचाल जमत नाही. ती रबराला जमते. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवलेलं असतं, ते सगळ्या दिशांना थोडंथोडं पिळतं आणि परत येतं. मूळ गाडीतला तो मऊपणा आरामासाठी होता असं मी धरून चाललो होतो. खरं तर तो या मांडणीचाच एक सांधा आहे. तो काढून घेतला की गाडीला वळणात झुकायला वाटच उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. कारखान्यातून माझ्या गाडीला आलेले खालचे आर्म एका बाजूने उघडे होते, पन्हाळीसारखे. मला तो कंजूसपणा वाटला होता. पण उघडी पन्हाळ लांबीच्या दिशेने ताकद देते आणि पिळाला मात्र सहज वळते. म्हणजे तो आर्म स्वतःच थोडा बुशचं काम करत होता. बंद नळी पिळाला शेकडो पटींनी कडक. मी आर्मही बंद केला, बुशही कडक केले, वर एक इंचाचा बार दोन्ही खालच्या आर्मना बोल्टने जखडला. पीळ जायला दारं तीन होती, तिन्हींना मी स्वतःच्या हाताने कुलपं घातली.

मग तो जोर जातो कुठे? जिथे सगळ्यात कमजोर जागा असेल तिथे. माझ्या गाडीत ती फ्रेमवरची वरच्या आर्मची पकड होती, म्हणजे जिथे आर्म बोल्टने लागतो ती दोन कानांची जागा.

रॅम्पवरच्या शेपटीचं कोडंही इथेच सुटतं. आवळलेले आर्म हे न मागता बसवलेल्या दुसऱ्या स्टॅबिलायझर बारसारखे वागतात, आणि हा बार असा की गाडी जितकी झुकेल तितका तो झपाट्याने कडक होत जातो. मागचा भाग झुकायला नकार देतो, आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं पडतं, सगळा भार बाहेरच्या एका टायरवर येतो. कोरड्या रस्त्यावर तो टायर सांभाळून घेतो. ओल्या रस्त्यावर सांभाळत नाही, आणि आगाऊ सूचनाही देत नाही. रबरावर गाडी हळूहळू घसरू लागते, माणसाला कळतं, हात सुधारतो. इथे मात्र आधी टायरची रस्त्यावरची पकड पूर्ण होती आणि मग अजिबात नव्हती.

घरच्या घरी तपासणी

खर्च शून्य. वेळ एक सकाळ.

सुरुवात आवाज कधी येतो त्याची नीट नोंद करण्यापासून. दोन्ही चाकं एकदम उचलणाऱ्या उंचवट्यावर वाजत असेल तर शॉकअपचे बुश, स्प्रिंगची बैठक किंवा बंपस्टॉप (चाक फार वर आलं की टेकतं तो रबरी ठोकळा) पाहा. तिरक्या उतारावर, एकाच चाकावर वाजत असेल तर तुम्ही माझ्या बिरादरीतले. गाडी उभी असताना गिअर ‘डी’मधून ‘आर’मध्ये टाकला आणि टक्क झालं तर पुढे-मागे कुठेतरी खरोखरचा ढिलेपणा आहे: युनिव्हर्सल जॉइंट (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा सांधा) किंवा बोल्टचं भोक. आणि ताशी ६० मैलांच्या आसपास घूंऽ करून बूड बधिर होत असेल, न्यूट्रल केल्यावरही थांबत नसेल, तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) कोनाकडे जा. त्याबद्दल खाली आहे.

मग मागचा बार काढा. शेव्हेलमध्ये तो खालच्या आर्मना चार बोल्टनी लागतो, वीस मिनिटांचं काम. त्याच उतारावरून गाडी उतरवा. माझा आवाज अर्धा झाला, गेला नाही. म्हणजे बार गुन्ह्यात सामील होता, पण एकटा नव्हता.

खरी परीक्षा स्प्रिंगा काढून. फ्रेमखाली, मागच्या चाकांच्या पुढे, दोन भक्कम घोड्या (जॅक स्टँड). जॅक डिफरन्शिअलखाली. चाकं आणि शॉकअपची खालची टोकं काढा, मधल्या ब्रेकच्या होजवर ताण येत नाही ना ते बघत अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडा. मागच्या स्प्रिंगा पूर्ण खाली आल्यावर बहुतेक सैलच असतात, हाताने निघतात. पुढच्या स्प्रिंगांना मात्र हा नियम लावू नका. त्यात जीव घेण्याइतका ताण असतो, तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय हात घालायचा नाही.

आता स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, बार नाही. अ‍ॅक्सल नेहमीच्या उंचीवर आणून त्याचं एक टोक वर उचला. निरोगी गाडीत माणूस जोर लावून तो तिरका करू शकतो आणि सोडला की तो परत येतो. माझा हाताने हललाच नाही. जॅकने डावं टोक तीनेक इंच उचललं, कुरकुर ऐकू आली, मग जॅक खाली घेतला. अ‍ॅक्सल तसाच तिरका राहिला. हवेत. कशाच्याही आधाराशिवाय. शेजारी कॉफी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने, जो आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात होता, फक्त भुवया वर केल्या.

मग डाव्या वरच्या आर्मचा एक बोल्ट काढला. अ‍ॅक्सल लगेच सुटला आणि धप्पकन सरळ झाला. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला तरी नको होता. (एक वरचा आर्म काढून गाडी चालवण्याचे प्रयोग लोक करतात. ही फक्त तपासणी आहे. असा रस्त्यावर जाऊ नका, अ‍ॅक्सलला आडवा आधार उरत नाही.)

उजव्या बाजूचा बोल्ट काढल्यावर ‘टक्क’ हाताला लागला. फ्रेमच्या पकडीतलं भोक गोल राहिलं नव्हतं, जिऱ्यासारखं लांबट झालं होतं. बोल्टची मान एका बाजूला आरशासारखी घासलेली. पकडीच्या वेल्डजवळ रंगात केसाएवढी रेघ. बुशच्या आतली लोखंडी नळी पकडीच्या दोन कानांत घट्ट चिमटलेली असली पाहिजे, म्हणजे फिरायचं ते पॉलियुरेथेन नळीभोवती फिरेल. माझ्याकडे जोर इतका होता की चिमटा हरला, बोल्टच भोकात उडी मारत होता. आवळला की काही आठवडे चिमटा टिकायचा. म्हणून आवाज जायचा आणि परत यायचा, आणि दर वेळी भोक थोडं मोठं करून जायचा.

काय बदललं, आणि बदल्यात काय गमावलं

रेघ घासून वेल्ड करून घेतली, लांबट भोकावर जाड पोलादी चकती वेल्ड करून नवीन गोल भोक पाडून घेतलं, बोल्ट नवे, ग्रेड ८ चे. हे आधी, कारण याच्याशिवाय कुठलाही बुश बसवा, आवाज राहणारच.

डिफरन्शिअलच्या डोक्यावरच्या दोन कानांत पुन्हा रबर. वरच्या आर्मच्या फ्रेमकडच्या टोकाला सगळीकडे फिरणारा गोल सांधा, पण उघडा रॉड एंड (आवरण नसलेला, नुसत्या धातूच्या गोळीचा सांधा) नव्हे; प्लास्टिकच्या वाटीत बसणारा, ग्रीस निपलवाला, खोलून पुन्हा भरता येणारा. उघडे रॉड एंड रेसच्या गाडीला शोभतात. मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात, आणि एप्रिलमध्येही त्याची धूळ रस्त्याकडेला असतेच. एका मित्राच्या गाडीत ते दोन हंगामांत खुळखुळे झाले.

खालचे आर्म बंद नळीचेच ठेवले, कारण त्यांच्यावर बार लागतो आणि उघडी पन्हाळ बारच्या जोराने वाकडी होते. कारखान्याने बारवाल्या गाड्यांना बंद आर्म दिले ते त्यासाठीच. फ्रेमकडे रबर, अ‍ॅक्सलकडे गोल सांधा. बार मात्र एक इंचाचा काढून सात अष्टमांश इंचाचा लावला. दिसायला फरक नखाएवढा. पण बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात जातो, त्यामुळे नवा बार जुन्याच्या सुमारे ५९ टक्केच कडक आहे. खरेदी करताना हा हिशोब आधी करा. ‘थोडा जाड घेऊ’ म्हणजे थोडा नसतो.

रबर बसवताना एक गोष्ट विसरू नका: शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीला उभी असताना करायचं. रबर नळीला चिकटलेलं असतं. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळलात तर गाडी खाली घेतल्याबरोबर ते पिळलं जातं आणि जन्मभर पिळलेलंच राहतं. लवकर फाटतं, गाडीही थोडी उंच उभी राहते. पॉलियुरेथेन नळीवर मोकळं फिरतं म्हणून त्याला हा नियम नाही, आणि त्यामुळेच पॉलीची सवय झालेले लोक इथे चुकतात. मीही पहिल्या खेपेला चुकलो, दुपारचं जेवण होईपर्यंत लक्षात आलं, सगळे बोल्ट सैल करून पुन्हा आवळले.

आता तोटे. पूर्ण दाबून निघालं तर मागची चाकं पुन्हा थोडी नाचतात. आधीच्या रबराइतकी नाही, लाल किटपेक्षा जास्त. गोल सांध्यांतून डिफरन्शिअलचा बारीक सूर आत येतो, ताशी ५५ मैलांच्या वर, रेडिओ बंद असेल तर. दर वसंतात निपलमधून ग्रीस द्यावं लागतं. नुसतं चारही आर्मना चांगलं नवं रबर आणि बंद खालचे आर्म एवढंच केलं असतं तर माझ्या वापराला नव्वद टक्के पुरलं असतं, आणि पैसे निम्मे लागले असते. पुन्हा करायची वेळ आली तर मी तेच करीन.

थरथर: कोनाची गोष्ट

आवाजाच्या नादात या तक्रारीकडे माझं दुर्लक्ष झालं होतं. ६० ते ७० मैलांच्या दरम्यान सीटखाली घूं. दोनदा टायर बॅलन्स केले, एकदा शाफ्ट. शाफ्ट असंतुलित असेल तर थरथर एका फेऱ्याला एकदा येते. युनिव्हर्सल जॉइंटचे कोन जुळत नसतील तर एका फेऱ्याला दोनदा. हाताला ती बारीक, गुणगुणल्यासारखी लागते. माझी दुसऱ्या जातीची होती.

स्वस्तातला डिजिटल कोनमापक घ्या, गाडी चाकांवर उभी ठेवून मोजा. माझे आकडे: गिअरबॉक्स मागे ३.५ अंश उतरता, शाफ्ट मागे १.५ अंश उतरता, म्हणजे पुढच्या जॉइंटचा कोन २ अंश. मागे पिनियनचं (शाफ्ट जिथे जोडतो त्या डिफरन्शिअलच्या पुढच्या दांड्याचं) नाक ६.५ अंश वर. म्हणजे मागच्या जॉइंटचा कोन ५ अंश. पुढे दोन आणि मागे पाच, मग एकाचा धक्का दुसरा खोडणार कसा? वरचे आर्म बसवताना मी ते अंदाजाने लांब केले होते, त्याने अ‍ॅक्सलचं डोकं मागे आणि नाक वर गेलं.

वरचे आर्म दोन्ही सारखे आखूड करत पिनियन २.५ अंशांवर आणला. बरोबर ३.५ वर का नाही? जोर दिला की नाक थोडं वर उचलतं. बुश जितके मऊ तितकं जास्त, म्हणून एक अंश खाली ठेवून वाट बघायची. दोन्ही कोन शून्य करण्याचा मोहही टाळा. जॉइंटमधल्या सुया थोड्या फिरत राहिल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकाच जागी खड्डा पाडतात. घूं गेली. त्या दिवशी एवढा हलका होऊन घरी आलो की बायकोने विचारलं, पगारवाढ झाली का.

उंची

यावर फार लिहीत नाही. दोन इंच खाली गाडी फोटोत देखणी दिसते. पण बंपस्टॉपपर्यंत जागा उरली दीड इंच, आणि मिशिगनचे हायवे काँक्रीटच्या लाद्यांचे, प्रत्येक जोडावर धप्प. हिवाळा संपला की खड्ड्यांचं पीक वेगळं. बंपस्टॉपला टेकलेली गाडी म्हणजे स्प्रिंग नसलेली गाडी. वळणात टेकली तर पुन्हा तीच अचानक सुटणारी शेपूट. मागे गाडी एकच इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या, लांबीला जुळणाऱ्या शॉकअपसह. आखूड स्प्रिंगवर मूळ लांबीचा शॉकअप आतूनच टेकतो, आणि दोष स्प्रिंगला लागतो.

पुढचं पॉलियुरेथेन काढायचं का?

मी काढलं नाही. पुढचे वरचे आणि खालचे आर्म फक्त एका अक्षाभोवती फिरतात. पिळायचं काम तिथे बुशचं नाही, बॉल जॉइंटचं आहे. त्यामुळे कडक बुश तिथे चालतो, स्टिअरिंगला धारही येते. बारच्या पट्टीतले बुशही चालतील. कुठलाही भाग घेण्याआधी एवढंच विचारा की हा सांधा फक्त फिरतो की कलतोसुद्धा. कलत असेल तिथे कडक बुश नको. साठच्या दशकातल्या मस्टँगच्या पुढच्या लांब रॉडला पॉलियुरेथेन घातल्याने रॉडच आट्यांपाशी थकून तुटल्याची उदाहरणं आहेत, आणि तो रॉड ब्रेक मारताना चाक जागेवर धरतो. मागून टक्क परवडलं.

पुढच्या भागाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फायदा मला पार्टमधून मिळालाच नाही, अलाइनमेंटमधून मिळाला. १९७० चे कारखान्याचे आकडे त्या काळच्या बायस (तिरक्या धाग्यांच्या जुन्या पद्धतीच्या) टायरसाठी आहेत, कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे किती कलतो तो कोन) शून्याच्या आसपास. रेडियल टायरवर तसे ठेवले तर गाडी हायवेवर भटकते. पॉवर स्टिअरिंग असेल तर कॅस्टर जितका मिळेल तितका घ्या. मूळ वरच्या आर्मवर शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) लावून मला तीन अंश मिळाले. बाजारातले वरचे आर्म पाचापर्यंत देतात. मी थांबलो. अलाइनमेंटवाल्या पोराला संगणकातले आकडे सोडून माझ्या चिठ्ठीवरचे लावायला सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारून खात्री केली. बरोबरच आहे त्याचं.

पुढचं पॉली कुरकुरतं का? कुरकुरतं. आतली नळी आणि बुश यांच्यामध्ये जाड सिलिकॉन ग्रीस हवं, साधं चेसिस ग्रीस पावसात धुऊन जातं. बसवण्याआधी कवचाच्या आतला रंग आणि गंज बारीक सॅंडपेपरने काढायला हवा होता, तो मी काढला नव्हता.

हे सगळं होऊन चौदा महिने आणि साधारण सहा हजार मैल झाले. बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे, बोल्ट फिरला तर रेघ तुटेल म्हणून. दर महिन्याला खाली वाकून बघतो. रेघ अखंड आहे. उतारावरून मुद्दाम तिरकी उतरवतो. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी, वुडवर्डवर गाड्यांची जत्रा असते तेव्हा, चार तास मुंगीच्या पावलाने चाललो, मागून काही नाही. फक्त पुढून डावीकडे, गार सकाळी, पहिल्या शंभर फुटांत एक बारीक ‘कुंई’ येते. ती कुठून येते मला माहीत आहे. अण्णांना फोनवर ऐकवली, ते म्हणाले, “ती राहू दे. न्हाईतर आणि एक खोकं मागवशील.”